कंटुले साहेबांचं एक वाक्य

घरातलं नेट पाच मिनिटं गेलं की माझी सून राउटरच्या डबीला थोपटायला लागते आणि नातू पाय आपटतो. मला मात्र कंटुले साहेब आठवतात, आणि ते आठवले की त्यांच्या मागोमाग अक्का येते. मग दिवसभर दोघं डोक्यातून हलत नाहीत. दोन वर्षं होत आली, पण हे काही सुटत नाही. लिहून काढलं तर कदाचित सुटेल, म्हणून लिहायला बसले आहे. साहेबांचा लिहिण्यावर फार भरवसा होता.

आमची ओळख जालन्याच्या टेलिफोन एक्सचेंजमधली. मी ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, पुढ्यात बोर्ड, आणि दिवसभर लोकांच्या शिव्या. ट्रंक कॉल लागला नाही की मोंढ्यातले व्यापारी माझा उद्धार करायचे, आणि मीही काही ऐकून घेणारी नव्हते. तिथे जगन्नाथ कंटुले ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झाले. उंच, सावळे, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि एक खोडरबर. पेन नाही. सही करायची वेळ आली की माझ्याकडून पेन मागून घ्यायचे आणि परत करायला विसरायचे. पेनानं लिहिलं की माणूस आपलंच खरं करत बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आल्या आल्या त्यांनी माझा रजेचा अर्ज परत पाठवला. मी लिहिलं होतं, 'घरगुती अडचण, पाहुणे इत्यादी कारणांमुळे.' त्यातल्या 'इत्यादी'भोवती पेन्सिलीनं गोल, आणि समासात दोन शब्द: म्हणजे काय?

मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेले. "इत्यादी म्हणजे इत्यादी, साहेब! तुमच्या घरी नसतं का?"

"बसा बाई," ते शांतपणे म्हणाले. "पाहुणे आले, बराबर आहे, रजा देतो. अडचण आहे, देतो. पण ह्या इत्यादीला मी रजा कशी देऊ? हा कोण आहे?"

अख्खं एक्सचेंज हसलं. खरं सांगायचं तर तो इत्यादी म्हणजे मॅटिनीचा सिनेमा होता, आणि माझ्या तोंडावर ते त्यांना दिसलं असणार. रजा मंजूर केली, पण 'इत्यादी' खोडून. पुढे त्यांच्या चुलत पुतणीच्या लग्नपत्रिकेतही 'काका, मामा इत्यादी' असं छापून आलं तेव्हा त्यांनी घरी बसून एकेका पत्रिकेवर तो शब्द खोडला आणि राहिलेल्या सगळ्या आत्या-मावश्यांची नावं हातानं लिहिली. पुतणीच्या सासरचे लोक अजून त्याची चेष्टा करतात.

पण ह्याच खोडीनं त्यांना वर नेलं. मी जालन्यातच चिकटून राहिले आणि ते औरंगाबाद, मुंबई करत दिल्लीला पोचले. तिथे दूरसंचाराच्या धोरणांचे मसुदे तयार करायच्या कामावर त्यांना बसवलं. म्हणजे नेमकं काय करता, असं मी एकदा त्यांचंच हत्यार त्यांच्यावर चालवलं. ते म्हणाले, "शब्द घासतो. गावात फोन आहे, असं कागदावर येतं. आहे म्हणजे काय, ते मी लिहितो."

हे नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं. एकदा पाहणीच्या दौऱ्यावर आले होते, तेव्हा अंबड तालुक्यातल्या एका गावात मी सोबत होते. तिथल्या कर्मचाऱ्यानं यादीत गावापुढे 'फोन आहे' अशी खूण केली होती. ग्रामपंचायतीत गेलो तर टेबलावर फोन होता, स्वच्छ पुसलेला, वर हार. मागे वायरच नव्हती.

"हा फोन आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"हाये ना साहेब. दिसून राह्यला की."

"मग बोला."

तो बिचारा रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. साहेब समोरच्या हॉटेलात बसून दोन चहा प्याले, सरपंचांशी सोयाबीनच्या भावावर बोलले, आणि अधूनमधून आत डोकावून विचारत राहिले, "लागला का?" मला त्या माणसाची दया आली होती, पण हसूही आवरत नव्हतं. निघताना साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पलीकडून कुणीतरी उत्तर दिलं, तर तो फोन. न्हाई तर ते डबडं. एवढं ध्यानात ठेवा." जीपमध्ये बसल्यावर त्यांनी तेच वाक्य पेन्सिलीनं वहीत उतरवून घेतलं. स्वतःचं बोलणं स्वतःच लिहून घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आता अक्काबद्दल सांगते. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. कुंभार पिंपळगावला वडिलांच्या घरात राहायची. लहानपणी तापात तिचं ऐकणं गेलं आणि बोलणंही आलं नाही. लग्न झालं नाही. आई लवकर गेली, मग जगन्नाथला तिनंच लहानाचं मोठं केलं. दोघांची खुणांची भाषा त्या घरात आपोआप तयार झाली होती. शाळेत शिकवतात तसली नव्हे, अगदी घरगुती. वडील म्हणजे मिशीला पीळ. बाजार म्हणजे तळहातांचा तराजू. माझी खूण म्हणजे दोन्ही कानांवर हात, कारण मी हेडफोनवाली. ही भाषा पुरती येणारी माणसं जगात दोनच. गावातल्या लोकांना जेवण, पाणी, ये, जा, एवढ्या पाचपंचवीस खुणा कळायच्या.

गावात टेलिफोनची लाइन पोचली तेव्हा साहेबांनी पहिल्या काही फोनांपैकी एक आपल्या घरी बसवला. लोकांनी टिंगल केली, बहिरीच्या घरी फोन! अक्कानं त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घातला. दुपारी मोकळी असली की ती त्याच्यावर तळहात ठेवून बसायची. घंटी वाजली की तिला थरथर कळायची, मग शेजारच्या रामकिसनला हातानं खेचून आणायची. रामकिसन बोलायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. भाऊ काय बोलला ते रामकिसन खुणेनं जमेल तेवढं सांगायचा. जमायचं फार थोडं.

त्या घरातली एक दिवाळी मला विसरता येत नाही. साहेब दिल्लीहून आले होते, आणि मी आमच्या ह्यांच्याबरोबर फराळाला गेले होते. अक्का समोर बसून कापसाच्या वाती वळत होती. साहेब रंगात येऊन दिल्लीची हकीगत सांगत होते. कुठे काही पेटलं की नेट बंद करतात, तर ते कसं करावं, काय चालू ठेवावं, ह्याच्या मसुद्यावर त्यांच्याकडे खल झाला होता.

"कुणी म्हणे सगळंच बंद करा, कुणी म्हणे काहीच करू नका. कुणी ऐकायलाच तयार न्हाई. मंग मी एक वाक्य लिहून पुढे सरकवलं." त्यांनी डोळे मिटून ते म्हणून दाखवलं. "आवाजी संभाषण सुरू राहील, जेणेकरून कोणतीही व्यक्ती आपल्या माणसांपासून तुटणार नाही. बास! सगळे गप. कोणतीही व्यक्ती, बाई. इत्यादी न्हाई काही न्हाई."

"वा साहेब!" मी म्हणाले. "फोन चालू म्हटल्यावर अडलं कुणाचं?"

मी ऑपरेटर. आवाज म्हणजेच फोन, हे माझ्या हाडात. आम्ही दोघं हसलो, तेव्हा अक्कानं वाती ठेवल्या आणि खुणेनं विचारलं, काय झालं? साहेबांनी खूण केली, काम चांगलं झालं. तीही हसली आणि उठून त्यांच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. माझ्या हातचा चिवडा तोंडात होता. आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात काही आलं नाही. त्या मसुद्याचं पुढे काय झालं, किती हात त्याच्यावरून फिरले, त्यातलं किती उरलं, मला ठाऊक नाही. मला ती करंजी वाढतानाची अक्का तेवढी दिसते.

निवृत्तीनंतर साहेबांनी जालन्यात आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून घर घेतलं. बायको आधीच गेली होती, मुलगा पुण्याला. अक्काला त्यांनी जालन्याला चल म्हणून पुष्कळ मनवलं, पण म्हैस सोडून ती येईना. मग त्यांनी तिला मोठा मोबाइल घेऊन दिला आणि आठ दिवस तिथे राहून व्हिडिओ कॉल शिकवला. व्हिडिओ काढून पाठवायचा कसा, तेही.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला साहेब व्हरांड्यात बसायचे. मोबाइल तांब्याला टेकवून उभा, दोन्ही हात मोकळे. मी कुंड्यांना पाणी घालताना मला सगळं दिसायचं. अक्का कॉलर मळली म्हणून रागावायची. म्हशीचं नवं रेडकू दाखवायची. तव्यावरची भाकरी फुगली की मोबाइल जवळ न्यायची. कधी कधी दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं, आणि सगळ्या गल्लीत आवाज नाही.

"बाई," एकदा ते डोळे पुसत म्हणाले, "जलमभर फोनची नोकरी केली. माझ्या घरी फोन लागला तो आत्ता."

मग ते आंदोलन आलं. जिल्ह्यात जागोजागी रस्ते अडवले, एसटी बंद झाली आणि एका दुपारी नेट बंद झालं. आमच्याकडे मोबाइलवर निरोप आला होता. पिंपळगावात देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं. सगळ्या गावाला कळलं, अक्काला सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला साहेब सवयीनं व्हरांड्यात बसले आणि मग उठले. रामकिसनला फोन लावला. फोन पहिल्याच झटक्यात लागला.

"साहेब, अक्का बराबर हाये. पण मोबाइल घेऊन आंगणात उभी हाये सकाळधरनं."

"तिला सांग, नेट बंद आहे. मी ठीक आहे म्हणावं."

"आवं, नेट कसं सांगू हातानं? म्या मोबाइल दावला अन् न्हाई न्हाई केलं. तर ती माह्या अंगावर आली. तिला वाटलं, भाऊच बोलायला न्हाई म्हनून राह्यला."

साहेब माझ्या फाटकाशी आले. हात दोन्ही पुढे धरलेले, आणि ते हवेत काहीतरी जुळवत होते. जाळं केलं, मोडलं. खांब केला, मोडला. "बाई, नेटला खूण काय करायची हो?" त्यांनी विचारलं. ह्या माणसानं असल्याच शब्दांच्या व्याख्यांवर आयुष्यातली वर्षं घातली होती, आणि बहिणीला सांगायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. मला काय सुचणार? मी म्हटलं, "खुणा कसल्या करताय, जा ना साहेब. तुम्ही दिसलात की झालं."

गल्लीतले शिंदे एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला होते. त्यांच्याजवळ मोटारसायकल होती. "चला साहेब, आडवाटेनं सोडतो," ते म्हणाले. "मी काल मिलवरून तसाच आल्तो."

साहेब फाटक धरून उभे राहिले. "आदेश आहे शिंदे. घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. आपणच न्हाई पाळला तर कोण पाळेल? उद्या-परवा मोकळं होईल." मला तेव्हा त्यांचा असा राग आला! मी बोललेही, "अहो, आदेश तुमच्यासारख्यांनीच लिहिलेले, त्यांना काय भ्यायचं?" ते घराकडे वळले. दिवसभर व्हरांड्यात बसून होते. रामकिसनला चार वेळा फोन केला. चारही वेळा आवाज खणखणीत.

त्याच्या पुढच्या सकाळी रामकिसनचा फोन आला. अक्का म्हशीच्या गोठ्यापाशी बसल्या बसल्या गेली होती. छातीत कळ आली असावी. डॉक्टर म्हणाले, कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. ते खरं असेल. बातमी मात्र लगेच पोचली, फोन चालू होता ना.

साहेब त्या दिवशी शिंद्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून आडवाटेनं गेले. तासाभरात वाट सापडली, कुणी अडवलं नाही.

नेट सुरू झालं ते मातीनंतर दोन दिवसांनी. मी पिंपळगावला भेटायला गेले होते. साहेब ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, भोवती गावातली माणसं. अक्काचा मोबाइल भिंतीतल्या देवळीत तसाच चार्जिंगला लावलेला होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. एकदम साहेबांच्या खिशात मोबाइल वाजला. मग पुन्हा, आणि पुन्हा. त्यांनी काढून पाहिला. वर अक्काचं नाव होतं, तिचा हसरा फोटो होता.

नेट नसताना तिनं व्हिडिओ काढून पाठवले होते. ते तिच्या मोबाइलमध्ये अडकून राहिले आणि वाट मोकळी होताच निघाले. हे मला आता नीट समजतं. त्या वेळी मला देवळीकडे बघायचा धीर झाला नाही. रामकिसनची बायको तर तोंडावर पदर धरून बाहेर पळाली.

साहेबांनी ते व्हिडिओ एकामागून एक पाहिले. पहिल्यात तिनं रेडकू दाखवलं. दुसऱ्यात नुसतीच बघत होती. शेवटचा ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळचा. त्यात ती मोबाइल चुलीपाशी टेकवून समोर बसली होती. केस नीट विंचरलेले होते. तिनं एक गाल फुगवला, त्यावर बोट टेकवलं आणि मान तिरकी करून बघत राहिली. बराच वेळ तशीच. मग दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

"काय म्हणतेय हो?" मी विचारलं.

"रुसलास का, म्हणते," ते म्हणाले. "माझं काय चुकलं असंल तर माफ कर, म्हणते."

भोवतीची माणसं धीर द्यायला लागली. कुणी म्हणालं, तिला कळलं असंल साहेब. कसं कळलं असेल? कोण सांगणार होतं? साहेबांनी मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाले, "मी लिहिलं होतं ते बाई, कोणतीही व्यक्ती." मला तिथून उठून जावंसं वाटलं. वा साहेब म्हणणारी मीच होते.

पुढे ते जालन्याला परत आले नाहीत. घर विकायचं मुलानं पाहिलं. साहेब अक्काच्याच घरी राहिले असं ऐकते. मी गेले नाही, मला जाववत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दहाव्याला, गोदावरीच्या काठी.

विधी झाले, पिंड मांडले, आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघू लागले. आम्ही बायका जरा बाजूला, चढावर होतो. समोरच्या बाभळीवर दोन कावळे होते, पण खाली उतरेनात. ऊन चढलं. मग नेहमीसारखं सुरू झालं. ज्याला जे सुचेल ते तो पिंडाकडे बघून मोठ्यानं बोलू लागला. "अक्का, म्हशीची काळजी करू नको, मी हाये!" रामकिसन ओरडला. "अक्का, घर मोडनार न्हाई!" चुलतभाऊ ओरडला. "भाऊला आम्ही सांभाळतो!" कावळे हलेनात, तसे लोक आणखी जोरानं ओरडू लागले.

साहेब तोवर खाली मान घालून उभे होते. डोक्याचं मुंडण झालेलं, अंगावर ओलं धोतर. त्यांनी एकदम हात वर केला. "ओरडून काय राह्यले रे," ते म्हणाले. "तिला ऐकू कुठं येतं?"

साहेब पुढे गेले आणि पिंडांच्या समोर वाळूत गुडघे टेकून बसले. त्यांनी गाल फुगवला. त्यावर बोट टेकवलं, आणि नाही नाही अशी मान हलवली. मग बोटानं गाल दाबून सगळी हवा सोडून दिली आणि तळहात छातीवर ठेवला. थांबले. समोर बघितलं, जसं उत्तराची वाट बघतात तसं. पुन्हा गाल फुगवला.

एक पोरगा फिसकन हसला आणि कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला. कावळे उडून पलीकडच्या काठाला गेले. गुरुजी बराच वेळ थांबले आणि शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. लोक आंघोळी करून गाड्यांकडे निघाले. मुलानं साहेबांना खांद्याला धरून उठवायचा प्रयत्न केला, मग तोही बाजूला होऊन उभा राहिला. चढ चढताना मी मागे वळून पाहिलं. साहेब तसेच बसले होते, एक गाल फुगवलेला, त्यावर बोट, आणि मान नाही नाही अशी हलत होती.